कोमट मॅडम

आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमना कुठल्याही ढिगात हात घालायची सवय होती. धान्याची रास असो, गवताची गंजी असो, नाहीतर रस्त्याकडेचा शेणखताचा उकिरडा, त्या बाही वर सरकवायच्या, कोपरापर्यंत हात आत घालायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि समाधानाने म्हणायच्या, "आहेत. कामाला लागलेत."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते याच अवस्थेत. अकरावीचा पहिला दिवस होता. बाबांची बदली झाल्यामुळे आम्ही अकोल्याहून भूगावला नवीनच राहायला आलो होतो आणि मी शेअर रिक्षातून कॉलेजला निघाले होते. पिरंगुटच्या पुढे एका वळणावर रिक्षा थांबली. इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या, खांद्याला पर्स लावलेल्या एक बाई एका शेतात शिरल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात उकिरड्यात होता.

"मॅडम, आटपा की! पोरांना उशीर व्हतोय," रिक्षावाला ओरडला.

"आले रे! हितं येऊन हात तर घाल. भाकरी भाजंल एवढं गरम हाय."

"ती भाकरी तुमीच खावा."

त्या आल्या, बाटलीतल्या पाण्याने हात धुतला आणि माझ्या शेजारी बसल्या. मी जमेल तेवढी सरकून बसले. अर्ध्या तासाने त्याच बाई आमच्या वर्गात आल्या आणि फळ्यावर 'बायॉलॉजी' असं लिहिलं, तेव्हा मी शेवटच्या बाकावर आणखी थोडी सरकले.

'कोमट मॅडम' हे नाव त्यांना आमच्या आधीच्या कुठल्यातरी तुकडीने ठेवलं होतं. ते कसं पडलं हे आम्हाला दिवाळीच्या आधी कळलं. त्या दिवशी त्या दोन थर्मास घेऊन आल्या. एकात मोड आलेले हरभरे होते, दुसऱ्यात तेच हरभरे उकडून घातले होते. दोन्हींच्या तोंडाशी कापूस आणि कापसातून आत सोडलेला थर्मामीटर. थर्मास रात्रभर प्रयोगशाळेत ठेवायचे आणि उद्या बघायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसमधल्या क्लार्क काकांना वाटलं की मॅडमनी स्टाफसाठी चहा आणलाय. त्यांनी कापूस काढून पेला खाली धरला आणि थर्मास वाकडा केला. पेल्यात दोन-चार मोडाचे हरभरे पडले. आम्ही मॅडमबरोबर प्रयोगशाळेत शिरलो तेव्हा काका पेल्याकडेच बघत उभे होते.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी ते हरभरे काकांच्याच तळहातावर ठेवले. "कसं लागतंय?"

"कोमट आहे हो."

"कोमट!" मॅडम आमच्याकडे वळून ओरडल्या. "ऐकलंत? विस्तव नाही, ऊन नाही, आणि तरी कोमट. आता ते उकडलेले बघा. गारढोण! का? मेलेत म्हणून. जिवंत असेल ते स्वतःपुरतं तापतंच." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की हा प्रयोग जगात पहिल्यांदाच होतोय असं वाटावं. खरं तर दर वर्षी त्या तो करत होत्या.

मी इंग्रजी शाळेत शिकले होते. वर्गातली निम्मी मुलं मुठा, लवळे, पौड अशा गावांतून मराठी शाळांमधून आलेली होती. ती आम्हाला 'सोसायटीवाले' म्हणायची. आम्ही त्यांना काही म्हणत नव्हतो, कारण आम्ही त्यांच्याशी बोलतच नव्हतो. मी तर कुणाशीच बोलत नव्हते. मॅडमना मुलांची नावं लक्षात राहायची नाहीत, गावं मात्र पक्की राहायची. त्यामुळे त्या हाक मारायच्या, "ए लातूर, खिडकी लाव." "मुठा, तुझं लक्ष कुठंय?" मी अकोला होते.

त्यांच्या तासाची सुरुवात ठरलेली असायची. कुणालातरी उभं करून विचारायच्या, "आज काय खाऊन आलास?" आम्हाला आधी वाटलं, मायेने विचारतात. पण पुढचा सगळा तास त्या खाल्लेल्या पदार्थामागे धावण्यात जायचा. मुठ्याच्या मुलाने "भाकरी आनि ठेचा" म्हटलं की फळ्यावर भाकरी यायची, दातांखाली जायची, जठरात, आतड्यात, रक्तात आणि शेवटी ग्लुकोज होऊन त्या मुलाच्या डाव्या पायाच्या अंगठ्यातल्या एका पेशीच्या दाराशी उभी राहायची. "तू जेवलास असं तुला वाटतं. जेवली ती ही," असं म्हणत त्या खडूने पेशीवर टकटक करायच्या.

एकदा त्यांनी मला उभं केलं. मी हळूच "कॉर्नफ्लेक्स" म्हणाले आणि मधल्या रांगा हसल्या. कुणीतरी "मका! बैलाचा खुराक!" असंही म्हणालं. माझे कान तापले. मॅडमनी फळ्यावर पेशी काढली आणि शांतपणे म्हणाल्या, "हसा. पण या बाईला खोक्यातून आलंय की चुलीवरून आलंय ते कळत नाही. तिला ग्लुकोज कळतं. पेशीपुढे सोसायटी नसते आणि वाडीही नसते." मग जराशा थांबून, "मुठा, तुझा बैल काय खातो ते त्याला विचारून ये. अकोला, बस."

त्यांनी मला परत वर्गात बोलायला लावलं नाही. त्यांनी ते कसं ओळखलं मला माहीत नाही. प्रत्येक प्रयोगात थर्मामीटर वाचायचं काम मात्र माझ्याकडे आलं. "अकोलाची नजर चांगली आहे," एवढंच त्यांनी वर्गाला सांगितलं. मी आकडा कागदावर लिहून त्यांच्यासमोर धरायची आणि त्या तो मोठ्याने वाचायच्या. माझं असं एक काम त्या वर्गात होतं, आणि ते काम असल्यामुळे मला त्या वर्गात जावंसं वाटायचं.

श्वसनाचा धडा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "नाकाला विसरा. नाक हा नुसता दरवाजा. खरं काम आत, घरात चालतं. तुमच्या प्रत्येक पेशीत, आत्ता, मी बोलतेय तेव्हासुद्धा." मग त्यांनी लोखंडी पळीत चिमूटभर साखर घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साखर वितळली, काळी झाली आणि एकदम पेटली. पहिल्या बाकावरची मुलं मागे झाली.

"हीच साखर तुम्ही रोज आत जाळता. मग तुम्ही पेटत का नाही?"

त्यांनी पळी खाली ठेवली.

"ताम्हिणी घाट बघितलाय ना? कड्यावरून उडी मारली तरी माणूस कोकणात पोचतो आणि वळणावळणाने उतरला तरी कोकणात पोचतो. उंची तेवढीच. पण उडी मारलेल्याचा काही उपयोग उरत नाही." वर्ग हसला. "पेशी शहाणी आहे. ती साखरेला वळणावळणाने उतरवते. दर वळणावर थोडी ऊर्जा काढून घेते, बाजूला ठेवते, मग पुढचं वळण. शेवटी हातात उरतं काय? पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. तो आपण उच्छ्वासावाटे टाकून देतो."

सगळ्यात शेवटचं आणि मोठं वळण म्हणजे मायटोकाँड्रिया. ते समजावताना त्या खिडकीशी गेल्या आणि मुळशीच्या बाजूला हात केला. "आपल्या धरणात काय करतात? पाणी एका बाजूला अडवतात. त्याला खाली जायचंच असतं, पण वाट एकच ठेवलेली असते, आणि त्या वाटेवर चाक. पाणी उतरतं, चाक फिरतं, खाली कोकणात वीज तयार होते. मायटोकाँड्रियाच्या आतही एक पडदा असतो. प्रोटॉन त्याच्या एका बाजूला दाटी करून उभे असतात. त्यांना पलीकडे यायला एकच फट, आणि त्या फटीत खरोखरचं फिरणारं चाक. ते फिरतं तेव्हा एटीपी तयार होतं. तेच तुमचं चालणं, तेच तुमचं बोलणं, तेच तुमचं उगाच मागच्या बाकावर चुळबूळ करणं." मग धरणाच्या दिशेने बघत जरा हळू म्हणाल्या, "त्या पाण्याखाली आमच्या सासरची भाताची खाचरं आहेत. पण ते असू दे."

हवा नसेल तर काय, हे त्यांनी टेकडीवर शिकवलं. कॉलेजच्या मागची टेकडी त्यांनी आम्हाला धावत चढायला लावली. वर पोचेपर्यंत सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. त्या स्वतः सावकाश, पदर खोचून वर आल्या. "दुखतंय? दुखणारच. ऑक्सिजन पुरला नाही. पण पेशी हात बांधून बसली का? नाही. तिने अर्धवट काम केलं. मिळाली तेवढी ऊर्जा घेतली आणि आम्ल साठवलं. यीस्ट असती तर आम्लाऐवजी अल्कोहोल केलं असतं. पण हे तात्पुरतं. असं कुणी फार दिवस जगत नाही, आपल्यासारख्यांत तर नाहीच." तेव्हा हे फक्त परीक्षेपुरतं वाटलं होतं.

त्यांचं घर लवळ्याच्या वाटेवर होतं. नवऱ्याची आणि दोन दिरांची एकत्र शेती, त्यातली बरीच विकून झालेली. उरलेल्या खाचरात त्या एक भात लावायच्या, आंबेमोहोर. आजूबाजूला सगळ्यांनी केव्हाच इंद्रायणी धरली होती. इंद्रायणी लवकर येते, जास्त येते, आडवी पडत नाही. आंबेमोहोर दुकानातही मिळतो, पण मॅडमच्या घरचा वेगळा होता. धरणात खाचरं गेली तेव्हा त्यांच्या सासऱ्यांच्या घरच्यांनी भांडीकुंडी आणली तसं हे बी आणलं आणि तेव्हापासून दर वर्षी त्याच भाताचं बी धरलं. दाणा बारका, टोकाशी किंचित काळसर. त्याच्या वासाबद्दल मॅडम बोलायला लागल्या की तासाचा विषय राहून जायचा. "हे आमच्या घरात आहे, म्हणजे आहे. आम्ही चुकलो तर संपलं," असं त्या सहज म्हणून जायच्या.

आम्ही अकरावीत होतो त्या वर्षी कापणीनंतरही पाऊस थांबला नाही. भात नीट वाळायला ऊन मिळालं नाही. त्याच वेळी त्यांच्या घरी मागची खोली पाडून भाड्याने द्यायच्या खोल्या बांधायचं चाललं होतं. लवळ्याच्या कॉलेजांतली मुलं खोल्या शोधत फिरत असतात, तेव्हा दिरांचं म्हणणं रास्त होतं. त्या मागच्या खोलीत बियाण्याची कणगी असायची, बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली. कणगी हलवली आणि ती मोडली. मॅडमनी मग निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, घट्ट झाकणाचा. बी त्यात भरलं, झाकण लावलं आणि वरून चिकटपट्टी फिरवली.

वर्गात येऊन त्यांनी हे अभिमानाने सांगितलं. "बी झोपलेलं असतं, मेलेलं नसतं. झोपेतही ते श्वसन करतं, हळूहळू आपली शिदोरी खात राहतं. हवाच तोडली तर खाणं कमी होईल, जास्त दिवस टिकेल. सायन्स घरी कामाला लावलंय मी!"

मे महिन्यात बारावीचे जादा तास सुरू झाले. एका सकाळी त्या स्टीलच्या डब्यात मूठभर भात घेऊन आल्या. पेरणीच्या आधी उगवण तपासायची, तो प्रयोग वर्गातच करू म्हणाल्या. डबा उघडून त्यांनी दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले आणि थांबल्या. मी थर्मामीटरवाली असल्यामुळे पुढे उभी होते. मलाही वास आला. आंबूस, थोडा गोडसर, उघड्या राहिलेल्या ब्रेडसारखा. त्यांनी ते दाणे टेबलावर ओतले. आम्ही दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले आणि फडकं कपाटात ठेवलं.

चार-पाच दिवसांनी फडकं उघडलं. बोटांवर मोजता येतील एवढ्या दाण्यांना मोड आले होते. बाकीचे फुगलेले, मऊ, निपचित.

मॅडमनी खडू उचलला. मला वाटलं, त्या तास रद्द करतील. त्यांनी फळ्यावर ड्रम काढला.

"हे मी मारलंय," त्या म्हणाल्या. "कसं मारलं ते लिहून घ्या. कोरडं बी हवाबंद ठेवलं तर टिकतं, पुस्तक खोटं नाही. पण हे ओलसर होतं. ओलं बी जोरात श्वसन करतं. श्वसनातून ऊब येते, पाणीही येतं, म्हणजे ते आणखी ओलं होतं. म्हणजे आणखी जोरात. ड्रममधला ऑक्सिजन किती दिवस पुरणार? मग काय झालं असेल, सांगा."

मुलांनी वह्यांत लिहायला घेतलं. उत्तर सगळ्यांना येत होतं.

"टेकडीवर तुमच्या पोटऱ्या दुखल्या तेव्हा तुम्हाला थांबून श्वास घेता आला. याला झाकण होतं. याने अल्कोहोल केलं आणि त्यातच बुडून गेलं." त्यांनी डब्यातला एक दाणा उचलला. "वास येतोय ना, तो त्याचा."

मुठ्याचा मुलगा, तोच बैलवाला, कळवळून म्हणाला, "मॅडम, दुकानात बी मिळतंय की. येक पिशवी आणा. आंबेमोहोरच देत्यात."

"भात मिळंल रे," मॅडम म्हणाल्या. गावच्या माणसांशी बोलताना किंवा मन भरून आलं की त्यांची भाषा घरची व्हायची. "हे न्हाई मिळायचं. हे दुसऱ्या कुनाकडं न्हाईच."

आम्ही आयुष्यात पहिल्यांदा एका शिक्षिकेला फळ्यावर स्वतःची चूक पायरीपायरीने मांडताना पाहत होतो. एकही पायरी त्यांनी गाळली नाही. मी आजवर ज्यांच्या हाताखाली काम केलं आहे त्यांतल्या कुणालाच मी हे करताना पाहिलेलं नाही.

फडक्यातले थोडे दाणे जगले होते, म्हणजे ड्रममध्येही थोडे जगले असणार. मिळालेल्या थोड्याफार उन्हात जे नीट वाळले होते ते. पण ते कुठले, हे वरून कळायला मार्ग नव्हता. एकच उपाय होता. सगळं बी भिजवायचं, मोड येऊ द्यायचे आणि मोड आलेला दाणा न दाणा हाताने निवडून काढायचा. मॅडमनी आम्हाला बोलावलं नव्हतं. मुठ्याच्या मुलानेच ठरवलं आणि रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. सोसायटीवालेही होते.

त्यांच्या सासूबाई, ज्यांना त्या आत्याबाई म्हणायच्या, दाराशी पाय पसरून बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या सुनेला म्हणाल्या, "येवडी पोरं शिकीवती आनि घरचं बी मारती व्हय गं?"

"व्हय आत्याबाई. मारलं."

"मंग आता जगव." मग आमच्याकडे वळून, "तिची येकटीची चूक न्हाई बरं का. ती चिकटपट्टी लावत हुती तवा झाकनावर मीच बसले हुते. दोगींनी मिळून दाबलं."

मॅडमना हसू आवरेना. आत्याबाईही हसल्या. आम्ही हसावं की नाही ते कळत नव्हतं, मग आम्हीही हसलो.

दिवसभर आम्ही परातींमधून भात निवडला. मोड आलेला दाणा म्हणजे टोकाशी एक पांढरा ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. तो मोडता कामा नये. मॅडम प्रत्येक परातीशी येऊन हात फिरवून जायच्या. दुपारी आम्हाला जेवायला पिठलं-भात होता, भात इंद्रायणीचा. जेवताना लातूरची मुलगी मला म्हणाली, "तू बोलतेस की!" आणि मला कळलं की मी सकाळपासून तिच्याशी बोलत होते. संध्याकाळी सगळ्यांचं मिळून जे निघालं ते एका लहान परातीत मावलं. ड्रमभर बियाण्याचं एवढंसं झालं होतं. मॅडमनी ती परात दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेली.

त्यांनी ते अंथरुणाएवढ्या वाफ्यात टाकलं, रोपं एकेक करून लावली. पाखरांसाठी आत्याबाई दिवसभर बांधावर बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला शिव्या द्यायच्या, पाखरांच्या नावाने. त्या वर्षीचं पीक त्यांच्या घरात कुणी चाखलंही नाही. सगळंच्या सगळं बियाण्याला ठेवलं, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवून. पुढच्या वर्षी पेरलं, वाढलं. तोवर मी बारावी झाले होते, मग पुण्यात बी.एस्सी.ला गेले आणि पुढे खाण्याचे पदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. दिवाळीत त्यांना भेटायला जायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. त्या बोलायच्या, मी ऐकायचे.

मागच्या वर्षी आत्याबाई गेल्या. त्यानंतर दिरांनी उरलेलं खाचर विकायचं ठरवलं. तिथे बंगल्यांचे प्लॉट पडणार होते. मॅडमनी भांडण केलं नाही. जमीन तिघांची होती आणि दिरांच्या मुलांना पैसे हवे होते, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी एकच मागितलं, एक शेवटचं पीक घेऊ द्या. ते घेतलं आणि त्या निवृत्त होऊन नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या, चौथ्या मजल्यावर.

जाण्याआधी त्यांनी आम्हाला बोलावलं. ओट्यावर कागदाच्या पुड्या मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात एकेक पुडी दिली. "एकाच ड्रममध्ये ठेवायची चूक मी एकदा केली, आता वेगवेगळ्या घरांत ठेवतेय," त्या म्हणाल्या. "वर्षाच्या आत पेरायचं. बी थांबत नाही, ते आतल्या आत जगत असतं आणि जगताना संपत असतं. कुठे पेरायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्याकडे आता वीतभर जमीन नाही."

मुठ्याच्या मुलाने स्वतःचं पेरायचं ठरवलं होतंच. "तुजी पुडी दे की," तो मला म्हणाला. "मी टाकतो दोन्ही." मी पुडी पुढे केली होती. मॅडम म्हणाल्या, "नको. दोन पुड्या एका खाचरात गेल्या तर एकच झाली. पाणी शिरलं तर दोन्ही जातील." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पुडीकडे बघत होत्या.

हिवाळा गेला, पुडी माझ्या कपाटात होती. आमच्या सोसायटीत गच्चीवर कुंड्या ठेवायला परवानगी नाही. बाबा म्हणाले, ऑनलाइन एखादा शेतकऱ्यांचा ग्रुप शोध. मी शोधला, मेसेज लिहिला आणि पाठवला नाही. अनोळखी माणसाकडे काही मागणं मला जमत नाही. फोनवर तर जास्तच. एप्रिल संपला. मेमध्ये मी दहा दाणे भिजवून पाहिले. नऊ उगवले. म्हणजे बी ठीक होतं. वेळ संपत होता तो माझा.

मेच्या शेवटच्या रविवारी मी स्कूटर घेऊन मुठा खोऱ्यात गेले. रोपांच्या जागी पालापाचोळा जाळून राब भाजून झाले होते, खाचरांमध्ये काळे चौकोन दिसत होते. तीन ठिकाणी मी थांबले आणि तशीच पुढे गेले. चौथ्या ठिकाणी ओढ्याच्या कडेला एक आजी फावडं घेऊन बांध नीट करत होत्या. त्यांनीच मला हटकलं.

"काय गं, जमीन बगतीस का? इकायची न्हाई आमाला."

"नाही," मी म्हणाले. "मला थोडं भात पेरायचंय. तुमच्या खाचरात. कोपऱ्यात."

"तुला?" त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. "किती हाय?"

मी पुडी दाखवली.

"आगं, येवढं चिमनी खाती! ह्याचं काय व्हनार?"

"खायचं नाहीये. वाढवायचंय. हे एकाच घरात होतं, त्यांची जमीन गेली." मग मी सगळं सांगितलं, धरण, ड्रम, ओट्यावरचा रविवार. किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक. त्या फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "दोगी झाकनावर बसल्या? काय बाया!" शेवटी म्हणाल्या, "त्या वड्याकडंचा कोपरा घे. पर लावनीला तू येयाचं. मी येकटी न्हाई करनार."

मी स्कूटरपाशी येऊन मॅडमना फोन लावला. जागा मिळाली असं मी सांगितलं. लगेच त्यांच्या प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पाणी साचतं का, ऊन किती, शेजारी कुठलं भात आहे, ते आधी फुलोऱ्यावर येईल की नंतर, दोन्हींची सरमिसळ तर होणार नाही. मी सांगत गेले.

"आणि खाचर कुणाचं?"

"एक आजी आहेत."

"नाव काय त्यांचं?"

मी विचारलंच नव्हतं.

"अगं, इतकी वर्षं ते आमच्याकडे होतं," मॅडम म्हणाल्या. "आता कुणाकडे आहे ते मला माहीत नको का? जा. विचारून ये."

मी परत बांधावरून चालत गेले. आजींनी मान वर केली. "काय गं? कोपरा मोटा पायजे का?"

"नाही. तुमचं नाव विचारायचं राहिलं."

"माजं? आनशाबाई." त्यांनी फावडं खांद्यावर घेतलं. "आनि तुजं गं?"

मी सांगितलं, आडनावासकट. मग आम्ही दोघी ओढ्याकडे निघालो, कोपरा नेमका कुठून कुठपर्यंत ते ठरवायला.